उतारवयात पुन्हा गायलेली सोल गाणी: ठेवायची की काढून टाकायची?

तबकडीवाला
नमस्कार मंडळी,
बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. दिवाळीनंतर आम्ही कोथरूडचं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जातोय आणि माझ्या रेकॉर्ड्स, सीड्या सगळ्याला मिळून एकच कपाट असणार आहे. परवा मुलगा खोक्यांपाशी बसला आणि म्हणाला, बाबा, एकेक गाणं तुमच्याकडे तीन-तीनदा आहे, डुप्लिकेट काढलेत तरी निम्मी जागा होईल. तो ज्यांना डुप्लिकेट म्हणतोय ती डुप्लिकेट नाहीत हे मला त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे आलो.

विषय असा आहे. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गॉस्पेल-ब्लूजमधून आलेलं गाणं. साठच्या दशकातले अमेरिकन सोल गायक, म्हणजे सॅम अँड डेव्ह ही जोडी, पर्सी स्लेज, मेरी वेल्स वगैरे मंडळींनी आपलीच गाजलेली गाणी दहा-वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या कंपन्यांसाठी परत गायली. माझ्याकडे अशी दीडेकशे तरी असतील.

पहिली गाठ पडली ती फसगत म्हणूनच. १९९७ च्या सुमारास फोर्टातल्या एका दुकानात सॅम अँड डेव्हची 'बेस्ट ऑफ' सीडी मिळाली. घरी येऊन 'सोल मॅन' लावलं. मूळ गाणं १९६७ चं, मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतलं, सुरुवातीचा गिटारचा तुकडा झोपेतून उठवलं तरी ओळखेन. इथे गिटार होती पण ड्रम गुबगुबीत, कीबोर्ड चकचकीत, आणि आवाज मात्र त्यांचेच! कव्हर उलटं करून पाहिलं तर बारकोडखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं, की मूळ कलाकारांपैकी एकाने किंवा अधिक जणांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली गाणी. इतका संताप झाला की पुढच्याच महिन्यात रद्दीवाल्याला देऊन टाकली.

आज तीच सीडी मी शोधतोय. मधल्या काळात माझं मत पार फिरलं. तर प्रश्न: तुम्ही अशी रेकॉर्डिंग्ज ठेवता का? आणि ठेवायची तर कुठली?

निवांत
काका, पहिलं उत्तर माझं आणि ते स्पष्ट आहे. नाही ठेवत. पर्सी स्लेजचं १९६६ चं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वूमन' घ्या, अलाबामातल्या छोट्या स्टुडिओत झालेलं. त्यातले हॉर्न्स, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन, किंचित बेसूर आहेत, ते दुरुस्त करायला सांगितलं होतं आणि दुरुस्त केलेही, पण छपाईला चुकून जुनीच टेप गेली अशी गोष्ट तिथली मंडळी सांगत आलीत. ती चूकच गाण्याचा जीव आहे. स्लेजने नंतर तेच गाणं कितीदा गायलं, सगळे हॉर्न्स सुरात, आणि एकदाही काळजात कळ येत नाही. गाणं म्हणजे नुसता गळा नाही हो, ती खोली, ती माणसं, ती दुपार.

मिसळवाला
+१. आणि काकूंना एका कपाटाबद्दल धन्यवाद द्या, आमच्याकडे एक खण आहे.

कोकणकन्या
मी न्यू जर्सीत असते आणि पोटापाण्याचं काम कॉपीराइटचंच आहे, त्यामुळे यातली पैशाची बाजू सांगते कारण ती कळल्याशिवाय या रेकॉर्डिंग्जवर चिडणं मला अन्यायाचं वाटतं.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द-चाल, ती कवी-संगीतकाराची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. दुसरी ती विशिष्ट टेप, जिला मास्टर म्हणतात, ती कंपनीची. गायक बऱ्याचदा दोन्हींतला नसतो. त्याला रॉयल्टी ठरलेली असते पण आगाऊ दिलेले पैसे, स्टुडिओचा खर्च सगळं आधी वळतं होतं, आणि त्या काळच्या कित्येकांच्या हातात वर्षानुवर्षं काही पडलंच नाही. मग करायचं काय? करारात साधारण अशी अट असे की अमुक वर्षं हेच गाणं दुसरीकडे गायचं नाही. ती मुदत संपली की गायक मोकळा. नव्या कंपनीसाठी दोन दिवसांत दहा जुनी गाणी गायची, रोख पैसे घ्यायचे.

आणि मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं उदाहरण तर डोळ्यात पाणी आणणारं आहे. अटलांटिक कंपनी त्यांच्या रेकॉर्ड्स विकायची, त्या कराराचा बारीक मजकूर कुणी नीट वाचला नव्हता. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेली, १९६८ मध्ये स्टॅक्स वेगळी व्हायला निघाली तेव्हा कळलं की आजवरचे सगळे मास्टर्स अटलांटिकचे! काही महिन्यांपूर्वीच त्यांचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेलेला, सॅम अँड डेव्हही अटलांटिककडे परत. अख्ख्या कंपनीची ही गत, तर एकट्या गायकाची काय कथा.

तेव्हा तुमच्या सीडीवरची ती मुंगीएवढी अक्षरं दुकानदाराची लबाडी असेल, छापणाऱ्याची असेल. गाणाऱ्याची नव्हती.

निवांत
ताई, पटलं. पण त्याने फक्त ते का गायले हे कळलं, मी का ऐकावं हे नाही. गायकाबद्दल सहानुभूती आहे म्हणून बेचव जेवण गोड होत नाही.

पावसाळी_संध्याकाळ
टेलर स्विफ्टने २०२१ पासून जे केलं तेच ना हे? जुने अल्बम परत गायली, जेणेकरून लोकांनी जुने मास्टर ऐकूच नयेत.

कोकणकन्या
अगदी तेच, फक्त तिच्याकडे वकिलांची फौज होती आणि तिचा प्रयत्न हुबेहूब तसंच करण्याचा होता. सोलवाल्यांना जे स्टुडिओ, जे वादक दिले त्यावर भागवावं लागलं.

खर्ज
याच जातीची माझी एक गोष्ट. 'घोस्ट' सिनेमा १९९० चा, मी तेव्हा इंजिनिअरिंगला. राइचस ब्रदर्स या गोऱ्या जोडीचं 'अनचेन्ड मेलडी' डोक्यात असं बसलं की एका नातेवाईकाकडून अमेरिकेतून कॅसेट मागवली. आली, लावली, आणि शेवटाकडे त्यातला बॉबी हॅटफिल्ड वर चढतो ना, तिथे मला काहीतरी वेगळं लागलं. मित्र म्हणाले, तुझा टेपरेकॉर्डर स्लो आहे. टेपरेकॉर्डर ठीक होता! सिनेमात होतं ते १९६५ चं, माझ्याकडे आलेलं १९९० मध्ये नव्याने गायलेलं. जुन्या गाण्याला परत मागणी आली तेव्हा दोघांनी ते नव्या कंपनीसाठी परत गायलं, आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकाच वेळी दोन्ही होती, जुनं १३ व्या नंबरापर्यंत गेलं, नवं १९ व्या. स्वतःशीच स्पर्धा! गोरे असले तरी गाणं सोलच, म्हणून इथे टाकलं.

आणि निवांत, मी आज दोन्ही ऐकतो. पन्नाशीच्या हॅटफिल्डला ती वरची जागा लागते का हे बघताना माझा श्वास अडकतो, पंचविशीतल्या हॅटफिल्डला ऐकताना तो नाही अडकत, कारण त्याला लागणारच असते.

तबकडीवाला
खर्ज, शेवटचं वाक्य कपाटावर चिकटवतो.

सुईदोरा
विषयाला धरून एक उपयोगाचं लिहितो कारण नवीन जमवणारे दरवेळी फसतात, मीही फसलोय. जुनं का नवं कसं ओळखायचं तर आधी मागे वर्तुळातला 'पी' शोधा, त्याच्यापुढचं साल ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं, वर्तुळातला 'सी' नव्हे, तो कव्हरचा. गाणं १९६६ चं आणि 'पी'पुढे १९७९ किंवा ८३ असं कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं नाव, तर कान टवकारा. मग वेळ बघा, मूळ गाणी दोन-अडीच मिनिटांत आटोपायची कारण रेडिओवाल्यांना तेवढंच हवं असायचं, नव्यात बरेचदा वीस-तीस सेकंद जास्त असतात. मग शेवट ऐका, मूळ गाणं हळूहळू विरत जात असेल आणि हे ठाम थांबत असेल तर नवं. ऑनलाइन ऐकताना नावापुढे 'री-रेकॉर्डेड' लिहिलेलं असतं पण बरेचदा नसतंच, आणि सिनेमात-जाहिरातीत तर मूळ महाग म्हणून ही स्वस्तातली वापरतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. आणि स्टिरिओ असेल तर नक्कीच नवं.

लेस्टरकर
सुईदोरा, शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. साठच्या दशकातल्याही भरपूर गाण्यांचे स्टिरिओ मिक्स आहेत, त्यावरून ठरवाल तर अस्सल माल फेकून द्याल.

आता मी इंग्लंडातून लिहितो म्हणून इथला एक प्रकार सांगायलाच हवा. मोटरसिटी रेकॉर्ड्स. इयन लेव्हीन नावाचा डीजे, नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या क्लबांत फारशा न गाजलेल्या सोल गाण्यांवर नाचण्याच्या लाटेच्या काळात, ब्लॅकपूल मेक्का या क्लबात रेकॉर्ड्स लावायचा. त्याने १९८९ मध्ये डेट्रॉइटला जाऊन तिथल्या मोटाउन या सोल कंपनीचे जुने कलाकार तिच्या हिट्सव्हिल नावाच्या जुन्या स्टुडिओ-घरासमोर गोळा केले, आणि पुढची तीनेक वर्षं शंभरावर कलाकारांकडून गाऊन घेतलं, काही जुनी गाणी, काही नवी. इथल्या जमवणाऱ्यांत यावरून आजही भांडणं होतात. संगीत बहुतेक यंत्रावर वाजवलेलं, एकसारखे ठोके, डेट्रॉइटच्या त्या वादकांची सर नाही, हे मला मान्य. पण यादी बघा! ज्यांचं मोटाउनमध्ये एखादंच गाणं निघालं आणि मग कुणी दार उघडलं नाही, अशांना त्याने बोलावलं. फ्रान्सिस नीरोचं मोटाउनसाठी एकच सिंगल निघालं होतं, १९६६ मध्ये. १९९१ मध्ये मोटरसिटीसाठी गायलेलं तिचं नवं गाणं ब्रिटनच्या पहिल्या वीसात गेलं. पंचवीस वर्षांनी!

आणि मेरी वेल्स. 'माय गाय' १९६४ चं. त्याच वर्षी तिने मोटाउन सोडलं. १९८३ मध्ये तिने जुनी गाणी परत गायली, आणि १९९० चा तिचा शेवटचा अल्बम लेव्हीनकडचा. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचं निदान, आवाज गेला, आणि १९९२ मध्ये ४९ व्या वर्षी ती गेली. मी तो अल्बम लावतो तेव्हा यंत्राचे ठोके मला ऐकूच येत नाहीत.

मिसळवाला
वाचनखूण साठवली.

भैरवी
मला सोलमधलं फार कळत नाही, मी ख्यालवाली. पण धागा वाचताना सारखं वाटतंय की आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तरुणपणाच्या ७८ च्या तबकड्या आहेत आणि सत्तरीतल्या मैफलींची ध्वनिमुद्रणंही, पण नंतरच्याला कुणी डुप्लिकेट म्हटलेलं ऐकलं नाही. उलट आमचे गुरुजी म्हणायचे, राग मुरतो तो साठीनंतर. मग या गायकांनाच काय तो नियम वेगळा?

तबकडीवाला
भैरवीताई, छान मुद्दा काढलात. मला वाटतं फरक असा की ख्यालाचा मूळ नग असा नसतोच, प्रत्येक मैफल नवी. सोलचं गाणं जन्मालाच येतं ते ४५ च्या छोट्या तबकडीवर, अडीच मिनिटांचं, आणि लोक त्या अडीच मिनिटांवर प्रेम करतात, श्वासासकट. म्हणून गायक स्वतःच परत आला तरी लोकांना तोतया वाटतो. पण हेच गायक दर शनिवारी स्टेजवर तेच गाणं वेगळं गात होते आणि तिथे कुणाची तक्रार नव्हती.

पावसाळी_संध्याकाळ
लहानपणी घरी व्हर्जन कॅसेटी असायच्या, रफी-किशोरची गाणी दुसऱ्याच कुणीतरी गायलेली. तसाच प्रकार का?

सुईदोरा
नाही नाही, तिथे गाणारा दुसरा. इथे गाणारा तोच, मागचं सगळं दुसरं. अर्थात 'मूळ कलाकारांपैकी एक' ही ओळ अगदी शब्दशः घ्यायची बरं का. सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर वेगळे झाल्यावर प्रेटर ऐंशीच्या दशकात सॅम डॅनियल्स नावाच्या माणसाबरोबर 'सॅम अँड डेव्ह' म्हणून फिरत होता. दुसराच सॅम! आणि १९८६ मध्ये सॅम मूरने 'सोल मॅन' परत गायलं ते रॉक गायक लू रीडबरोबर. तेव्हा काका, तुमच्या हरवलेल्या सीडीत नक्की कोण होतं?

तबकडीवाला
दोघंही खरेच होते असं कान सांगतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोघांनी एकत्र जुनी गाणी परत गायली होती आणि तीच पुढे शेकडो स्वस्त संग्रहांतून फिरली. म्हणूनच तर हळहळ. ती दोघांची एकत्र अशी शेवटची काही वर्षं. प्रेटर १९८८ मध्ये गाडीच्या अपघातात गेला, मूर २०२५ च्या जानेवारीत.

निवांत
काका, तुमचं मत कशाने फिरलं ते राहिलंच.

तबकडीवाला
सांगतो. हॉवर्ड टेटमुळे.

टेट फिलाडेल्फियाचा. साठच्या दशकात जेरी रॅगोव्हॉय या संगीतकाराने त्याची गाणी केली, त्यातलं 'गेट इट व्हाइल यू कॅन' नंतर रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने गायलं आणि जगाने तिच्याच नावावर जमा केलं. टेटला पैसा मिळाला नाही, तो गाण्यातून बाहेर पडला. पुढे घराला आग लागून मुलगी गेली, संसार मोडला, व्यसन, रस्त्यावरचे दिवस, आणि मग त्यातून सावरून तो धर्मोपदेशक झाला. चाहत्यांना वाटत होतं तो मेलाय. २००१ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानात त्याला जुन्या ओळखीचा एक गायक भेटला आणि म्हणाला, अरे, लोक तुला शोधतायत!

२००३ मध्ये रॅगोव्हॉयनेच त्याचा नवा अल्बम केला, 'रिडिस्कव्हर्ड'. सगळ्यात शेवटी तेच गाणं ठेवलंय. जुन्यात हॉर्न्स, कोरस, सगळा लवाजमा. नव्यात फक्त एक पियानो आणि टेट. गाणं सांगतं की मिळतंय तोवर घे, उद्याचं कुणी पाहिलंय. जुन्यात हे पंचविशी-तिशीतला पोरगा सांगतो, सुंदर सांगतो, पण ऐकीव माहितीवर. नव्यात वरच्या पट्टीत तो जातो तिथे आवाजाची कड थोडी उसवते, तो ती लपवत नाही, क्षणभर थांबतो, पियानोही त्याच्यासाठी थांबतो, आणि मग पुढची ओळ येते. त्या थांबण्यात ते सगळं आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा होते, हेडफोन काढून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

निवांत, तू म्हणालास ती खोली, ती दुपार परत आणता येत नाही. खरंय. पण इथे ती आणायचीच नव्हती.

कोकणकन्या
काका, मी विलिंगबरोपासून तासाभरावर राहते, त्या भागातच टेट राहायचा. गाडीत लावलंय आत्ता.

निवांत
ऐकलं. दोनदा. स्लेजबद्दलचं मत बदलत नाही, पण हे वेगळं प्रकरण आहे हे मान्य. म्हणजे मी 'परत गायलेली' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरत होतो. माझ्यापुरता फरक असा दिसतोय की जुन्याची नक्कल करणारी एक, आणि जुन्या गाण्याला आज काय म्हणायचंय ते विचारणारी एक. दुसऱ्या जातीची अजून सांगा.

लेस्टरकर
घे. ॲन पीबल्सचा २००६ चा 'ब्रँड न्यू क्लासिक्स', स्वतःचीच गाणी, कमी वाद्यांत. 'आय कान्ट स्टँड द रेन' त्यात ऐक, मूळ १९७३ चं. २०१२ मध्ये तिला पक्षाघात झाला आणि गाणं थांबलं, त्यामुळे हा अल्बम हातात असणं मला मोलाचं वाटतं.

विल्यम बेलचा २०१६ चा 'धिस इज व्हेअर आय लिव्ह'. १९६१ पासूनचा स्टॅक्सचा माणूस, पंच्याहत्तरी ओलांडून परत स्टॅक्सच्याच नावाखाली. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' त्याने आणि बुकर टी. जोन्सने १९६७ मध्ये आल्बर्ट किंगसाठी लिहिलं होतं, इथे स्वतः गायलंय. ग्रॅमी मिळालं.

लॅमॉन्ट डोझियरचा २००४ चा 'रिफ्लेक्शन्स ऑफ'. मोटाउनची नाचती गाणी लिहिणारा माणूस तीच गाणी संथ करून गातो. नाचताना लक्षातच आलं नव्हतं की किती दुःखी आहेत.

सुईदोरा
डोझियर मोजायचा नाही. मूळ गायक सुप्रीम्स आणि फोर टॉप्स. हे स्वतःच्या गाण्याचं कव्हर झालं.

लेस्टरकर
ज्याच्या पोटातून गाणं आलं त्याला परका कसा म्हणणार? मी मोजणार.

खर्ज
रे चार्ल्स राहिला की! २००४ चा 'जीनियस लव्ह्ज कंपनी'. जूनमध्ये तो गेला, ऑगस्टमध्ये अल्बम आला. 'हिअर वी गो अगेन' त्याने १९६७ मध्ये गायलं होतं, इथे परत, नोरा जोन्सबरोबर. पंडित रविशंकरांची लेक. त्या गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड म्हणून ग्रॅमी मिळालं. त्याचा आवाज थकलाय हे स्पष्ट कळतं आणि ती पोरगी त्याच्या पुढे एक पाऊलही टाकत नाही, शेजारी शेजारी चालते. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करताना आपण चालतो ना, तसं.

भैरवी
हे ऐकलं होतं, पण जुनं आहे हे माहीतच नव्हतं. आज दोन्ही ऐकते.

निवांत
खोलीबद्दल एक अजून, मग गप्प बसतो. स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर, जमीन उतरती, म्हणून तो आवाज. १९८९ मध्ये पाडलं. आता तिथे तसंच बांधलेलं संग्रहालय आहे. म्हणजे इमारतीचंही री-रेकॉर्डिंगच की! आणि त्याच गावात रॉयल स्टुडिओ मात्र अजून उभा आहे, तेही थिएटरच होतं. २००३ मध्ये सोल गायक अल ग्रीन तिथे आपला जुना निर्माता विली मिचेलकडे परत गेला तेव्हा जुनाच नऊ नंबरचा माइक काढला होता. गाणी नवी होती, पण माझ्यासारख्याला तेवढं पुरतं.

पावसाळी_संध्याकाळ
सगळं छान, पण काकांच्या कपाटाचं काय ठरलं?

तबकडीवाला
काल रात्री मुलाला बसवलं आणि टेटची दोन्ही लागोपाठ ऐकवली, कुठलं कधीचं ते न सांगता. जुनं संपल्यावर म्हणाला, मस्त आहे. नवं संपल्यावर विचारलं, याला काय झालं होतं? मग सगळी गोष्ट सांगितली. सकाळी त्यानेच खोकी परत उघडली.

ठरलं असं की नव्वद-शंभर नग जातील, म्हणजे एकच स्वस्त सेशन पाच कंपन्यांनी पाच कव्हरांत विकलेलं आहे त्यातलं एक राहील. टेट, पीबल्स, बेल, मेरी वेल्सची दोन्ही, रे चार्ल्स वरच्या खणात, मूळ रेकॉर्ड्सच्या शेजारी, वेगळी नाहीत. डोझियर माझ्याकडे नाही, लेस्टरकर, मागवतोय. जाणाऱ्यांची यादी उद्या टाकतो, ज्यांना हवं त्यांनी पोस्टाचा खर्च द्यावा, बाकी काही नको.

मिसळवाला
काका, आत्ता तुमचा धागा बघून माळ्यावरचं खोकं काढलं. मामांच्या सीड्यांत सॅम अँड डेव्हची एक 'बेस्ट ऑफ' आहे, लाल कव्हर. बारकोडखाली भिंग लावून वाचलं, तीच ओळ आहे. 'पी'पुढे १९७९. तुमचीच का?

तबकडीवाला
माझी निळी होती. पण आतली गाणी तीच असणार! नाशिकहून पोस्टाने पाठवशील का? पत्ता व्यनि करतोय.